शेजारच्या पेशी

१० जानेवारी

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, ताईला काय झालं. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणारच. पण फोनवर आपण काय बोलतो ते आठवून बघ. जेवलीस का, थंडी आहे का, बरं ठेवते. आई होती तोवर तिच्या औषधांवरून भांडायला तरी विषय होता. म्हणून ठरवलं, आता नीट बसून लिहायचं. तूही लिही. नाटकवाल्यांच्या भानगडी लिहिल्यास तरी चालतील.

माझं बरं चाललं आहे. तुझे भावोजी गेल्यापासून स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रं साठतात. रद्दीवाला आला की खुर्ची मोकळी होते आणि मग तिच्याकडे बघवत नाही, म्हणून मी पुन्हा साठवते. प्रयोगशाळेत मात्र माणसं आहेत. सगळी माझ्या निम्म्या वयाची, कानात काहीतरी घालून बसलेली, पण आहेत.

तुला माझं काम म्हणजे उंदरांना छळणं एवढंच माहीत. काल एक गंमत पाहिली ती सांगते. इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं रसायन आणि ते बीजांडकोशात बनतं, असं सगळे धरून चालतात. पण मेंदूला जखम झाली की जखमेच्या शेजारच्या पेशी, ज्यांनी आयुष्यात कधी हे काम केलेलं नसतं, त्या स्वतःच ते बनवू लागतात. नराच्या मेंदूतसुद्धा. वाचलं पुष्कळदा होतं, आमच्या काचेवर इतकं लख्ख पहिल्यांदाच दिसलं. त्यांना कोणी बोलवत नाही. शेजारी दुखलं आहे एवढंच त्यांना कळतं. मी बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते.

तुझ्या पोटात दुखतं म्हणाली होतीस, त्याचं काय झालं? डॉक्टरकडे गेलीस की थापा मारतेस?

माझा तुझ्यावर आहे तितका जीव तूही माझ्यावर ठेव, म्हणजे झालं.

तुझी,
ताई

२४ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आधी घाबरले, मग हसले, मग दोनदा वाचलं. पोस्टमननेसुद्धा जरा संशयानेच हातात दिलं. या इमारतीत बिलांशिवाय काही येत नाही.

नाटकवाल्यांच्या भानगडी म्हणशील तर आमच्या महाराजांशिवाय विषय नाही. जन्मभर राजाच्या भूमिका केल्या, त्यामुळे चहावालाही त्यांना महाराज म्हणतो. हल्ली ते फार विसरतात. मी विंगेत स्टुलावर, मांडीवर संहिता, डोक्याशी एवढासा दिवा. लोकांना वाटतं प्रॉम्प्टर म्हणजे वाचून दाखवायचं, त्यात काय मोठं. पण नट थांबला तर तो अभिनय करतोय की अडलाय, हे ओळखणं हेच सगळं काम आहे. अभिनयात थांबले असतील तर महाराजांचे हात स्थिर असतात. अडले की डावा अंगठा बोटांवर फिरायला लागतो. मग एकच शब्द द्यायचा, वाक्याचा पहिला. जास्त दिलं तर त्यांना राग येतो. आणि पडदा पडल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियम. महाराजांनी इतक्या वर्षांत कधी माझे आभार मानल्याचं आठवत नाही, आणि मीही त्यांना कधी विसरलात म्हटलेलं नाही.

आता पोटाचं. डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, थापा नाही. दोन्ही बीजांडकोशांवर गाठी आहेत. साध्या आहेत, तसली भीती नाही म्हणाल्या. पण त्या वाढल्यात आणि सगळीकडे चिकटल्यात, म्हणून दोन्ही कोश आणि पिशवीही काढावी लागेल. मी बरं म्हणाले. त्यांनी पुढे सांगितलं, की तुमचं वय लहान आहे, तेव्हा नंतर इस्ट्रोजेनची पट्टी कातडीवर लावत राहा, नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत. त्याला मात्र मी नाही म्हणाले. आमच्या कपडेपटातल्या मावशी म्हणतात, असल्या गोष्टींनी नको ते रोग होतात. गरज संपली की संपली. उगाच शरीराला फसवायचं कशाला?

ताई, घाबरू नकोस. तुझ्या शेजारच्या पेशी मात्र मला फार आवडल्या.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझीच,
बडबडी

२ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी काळजी वाटली आणि पाठोपाठ रागही आला. जन्मभर ज्या गोष्टीवर मी काम केलं, ती माझ्याच बहिणीने कपडेपटातल्या मावशींना विचारावी?

आता मुकाट्याने ऐक. आमच्याकडे उंदराच्या मेंदूची एक रक्तवाहिनी थोडा वेळ बंद करतात, माणसाला झटका येतो तसं. मग मेंदूचे पातळ काप करून रंगात बुडवतात. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढरा राहतो. त्याच वयाच्या नरापेक्षा मादीच्या कापात पांढरं कमी असतं. तिचे बीजांडकोश काढून टाकले की तिचंही पांढरं नराइतकंच होतं. आणि काढल्याबरोबर तिला इस्ट्रोजेन दिलं तर पुन्हा कमी. ते रक्त वाहतं ठेवतं, सूज आवरतं, पेशींच्या आतल्या भट्ट्या विझू देत नाही, पेशींना एकमेकींशी जोडणारे धागे टिकवतं. तू त्याला पाळीचं रसायन समजतेस. ते डोक्याचंही राखणदार आहे.

पण त्यात एक मेख आहे. कोश काढल्यावर बराच काळ जाऊ दिला आणि मग इस्ट्रोजेन दिलं, तर तेच औषध, तोच उंदीर, आणि काही उपयोग होत नाही. कधी कधी अपायच होतो. तोवर मेंदू त्याला ओळखेनासा झालेला असतो. आम्ही त्याला खिडकी म्हणतो. ती काही काळ उघडी असते, मग बंद होते, आणि बाहेरून उघडता येत नाही.

माणसांत हे उंदरांइतकं सरळ नाही, हेही लिहिते, नाहीतर मी विकायला बसले आहे असं वाटेल. पन्नाशीनंतर आपोआप पाळी गेलेल्या बाईचा हिशेब वेगळा. पण ज्यांचे कोश तरुणपणी काढले आणि पुढे काही दिलं नाही, त्यांच्यात विसरण्याचे आजार जास्त दिसतात. मावशी म्हणतात ते धोके बहुतेक मोठ्या वयात सुरू करणाऱ्या बायकांचे आहेत. तुझ्या डॉक्टरीणबाईंना माझ्यातर्फे नमस्कार सांग, त्यांना अक्कल आहे.

आणि आईला विसरलीस का? तिचे कोश काढले तेव्हा तू तीन वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. मी दवाखान्यात तिच्या खाटेजवळ उभी होते. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, आता कटकट गेली. कोणी काही दिलं नाही, तेव्हा कोणाला माहीतही नव्हतं. त्यामुळेच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण पुढे साठीही यायच्या आधी ती गॅसपाशी उभी राहून, आपण इथे कशाला आलो, ते शोधायला लागली. शेवटची वर्षं तूच काढलीस तिच्याजवळ. मी इथे काप मोजत होते.

ऑपरेशनची तारीख कळव. हट्ट सोड.

रागावलेली, पण तुझीच,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे एखादं भाषणच. पण समजलं. तुझी खिडकी मला बरोबर कळली, कारण माझंही पोट तिच्यावरच चालतं. शब्द वेळेवर दिला तर नट तरतो. उशिरा दिला तर प्रेक्षकांना ऐकू जातो आणि नट आणखीच गोंधळतो. तोच शब्द असतो, ताई.

तरी पट्टी लावायचं मन होत नाही. तू ओरडायच्या आधी खरं कारण सांगते. मावशींचं नाव मी उगीच पुढे केलं.

गेल्या आठवड्यात व्यवस्थापकांनी बोलावून सांगितलं, की नटांच्या कानात आता एवढंसं यंत्र बसवणार आहेत. वर खोलीत बसून कोणीही बोललं तरी ऐकू येतं. या खेळाचे प्रयोग संपले की विंगेतलं स्टूल निघेल. फार चांगलं बोलले, चहाही पाजला. मी घरी आले, दार उघडलं, आणि दाराशीच उभी राहिले. घरात कोणी विचारणार नव्हतं, की आज तोंड का उतरलंय.

आईला शेवटी माझं नाव आठवत नव्हतं, पण मला बघून ती सरकून खाटेवर जागा करायची. ती विसरत होती तेव्हा आठवून द्यायला मी होते. आता माझं मला पडलेलं कोडं असं आहे, की डोकं शाबूत ठेवायचं ते कोणासाठी? मी सगळं लख्ख आठवत म्हातारी झाले, तर ते ऐकणार कोण? आणि विसरले, तर मी विसरले हे कोणाला कळणार? लग्न केलं नाही त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, हे तुला माहीत आहे. पण हा प्रश्न पट्टीच्या खोक्यावर छापलेला नसतो.

ऑपरेशन दहा मार्चला. तू येशील का? कामातून जमत नसेल तर राहू दे.

तुझीच,
बडबडी

१ मार्च

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. यायचं जमेल असं वाटत नाही, इथे काम फार आहे. राग मानू नकोस. कपडेपटातल्या मावशींना सोबत ने, मी त्यांच्याबद्दल बोलले ते मागे घेते.

कोणासाठी, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते लिहायला हात धजत नाही. पुढच्या वेळी बघू. तोवर ताईने सांगितलं म्हणून लाव. लहानपणी तू माझं एवढं तरी ऐकायचीस.

हो, एक गंमत सांगायची राहिली. मेंदूला जखम झाली की जखमेच्या शेजारच्या पेशी, ज्यांनी आयुष्यात कधी हे काम केलेलं नसतं, त्या स्वतःच इस्ट्रोजेन बनवू लागतात. नराच्या मेंदूतसुद्धा. काल आमच्या काचेवर पहिल्यांदाच लख्ख दिसलं. त्यांना कोणी बोलवत नाही. शेजारी दुखलं आहे एवढंच त्यांना कळतं. तुला आवडेल म्हणून मुद्दाम लिहिते.

दिवाणखान्यातलं ते भिंतीवरचं, दिवा लावायचं, बिघडलं आहे. माणूस येतो म्हणाला, आला नाही. अंधार पडायच्या आत जेवून घेते.

जपून राहा. मी आहे, हे ध्यानात ठेव.

तुझी,
ताई

२२ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. गाठी तपासल्या, खरंच साध्या निघाल्या, तेव्हा तुझा जीव भांड्यात पडू दे. मावशी दवाखान्यातले दोन्ही दिवस बसून होत्या, माझ्या उशाशी कोणाच्या तरी अंगरख्याला बटणं लावत. शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला इतकी माणसं येत, की त्यांच्यातल्या एका आजोबांनी चुकून मलाच द्राक्षं दिली. मी खाल्ली.

घरी आल्यापासून अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, आणि कारण नसताना रडू येतं. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्यांचं खोकं दिलं आहे. ते कपाटात आहे, उघडलेलं नाही. लवकर ठरवा, म्हणाल्या.

तुझ्या शेजारच्या पेशींची गोष्ट पुन्हा वाचली तरी तितकीच चांगली वाटते. ताई, एकदा फोन कर ना. नुसता आवाज ऐकव. जेवलीस का एवढंच विचारलंस तरी पुरे.

वाट बघते.

तुझीच,
बडबडी

२ एप्रिल

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

तू लिहिलंस, पुन्हा वाचली. त्या एका शब्दावर माझं बोट थांबलं. माझी पत्रं तुझ्याकडे, त्यामुळे ताडून बघता येईना. पण तू चकार शब्द काढला नाहीस त्यावरूनच कळलं. महाराजांशी वागतेस तशी माझ्याशी वागलीस. मी रागावलेली नाही. फक्त मला आता तो नियम नको आहे.

तेव्हा सरळ सांगते. फोनवर शब्द अडला की समोरच्याला ऐकू येतं. कागदावर ऐकू येत नाही. म्हणून पत्रं सुरू केली, आणि म्हणून फोन करत नाही. अडलं की मी जागा सोडून पुढे जाते, शब्द आला की येऊन भरते. या पत्रातही तसंच करते आहे, म्हणून मधूनमधून शाई वेगळी दिसेल. एखादी जागा राहिली असेल तर सांभाळून घे.

डिसेंबरात मी एकाच उंदराचे काप दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा निराळे आकडे दिले. आमच्या प्रमुखाने, वयाने माझ्या मुलासारखा आहे, मोठ्या प्रेमाने मला मोजणीवरून काढून घेतलं. मग तपासण्या केल्या. मेंदूची चित्रं डॉक्टरांनी मला दाखवायचं टाळलं. मी मागून घेतली. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बघितलं, आपलं बघायला काय घाबरायचं, असं म्हणून गेले आणि फार घाबरले. सुरुवात आहे म्हणतात. तुझ्या ऑपरेशनला मी आले नाही ते कामामुळे नाही. वाटेत गाडी बदलायची होती आणि ते जमेल याची मला खात्री राहिली नव्हती.

तू विचारशील, मग ताई तू का नाही लावत पट्टी? माझी पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा वाफा आल्या, झोप गेली, मी खिडक्या उघडून बसायचे आणि सकाळी कामावर जायचे. माझ्याबाबतीत तेव्हा घेऊनही फरक पडला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. आता घेऊन मात्र पडणार नाही, हे मी सांगू शकते. हे मला जितकं पक्कं माहीत आहे, तितकं दुसरं काही आता माहीत नाही.

तुझं तसं नाही. तुझे कोश गेले त्याला फार दिवस झालेले नाहीत. पट्टी म्हणजे अमरपट्टा नव्हे, ती लावून सगळं टळेल असं मी वचन देत नाही. पण तुझ्यासाठी अजून वेळ आहे, आणि तू खोकं कपाटात ठेवून बसली आहेस.

कोणासाठी, असं विचारलं होतंस. लिहायला लाज वाटत होती, कारण मी मोठी आणि मागायची सवय नाही. माझ्यासाठी. आपण लहान असताना राहायचो ते घर, आईचा आवाज, तुझे भावोजी कसे हसायचे, हे माझ्याकडून जाणार आहे. ते दुसऱ्या एका डोक्यात धड राहावं, असं मला वाटतं. तुझ्याशिवाय ते कोणाकडे आहे?

दिवसा बरी असते मी. संध्याकाळ झाली की खोल्या मोठ्या होतात. त्या वेळी घरात कोणाची तरी . . . . . . . . . . असावी असं वाटतं. बाकी काही नको.

तुझी,
ताई

९ एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. उभ्या उभ्याच वाचलं, मग खाली बसून रडले. हे लिहून टाकते, कारण नियम नको म्हणालीस.

पहिल्याच वेळी कळलं होतं मला. तू लिहिलेलं दिवा लावायचं ते भिंतीवरचं वाचलं, तेव्हा अंगठा फिरताना दिसला. तरी गप्प बसले. सवयीने तसंच वळण पडलं आहे. यापुढे तू दुसऱ्यांदा सांगितलंस तर मी म्हणेन, ताई हे सांगून झालं. आणि मग म्हणेन, पुन्हा सांग.

खोकं उघडलं. पट्टी पोटावर डाव्या बाजूला लावली आहे. एवढीशी आहे, पारदर्शक, अंघोळीतही निघत नाही. वाफा थांबल्या की कळवते, की कळवायची गरजच नाही, तू बघशीलच. शेवटचा प्रयोग परवा झाला. पडदा पडल्यावर महाराज विंगेपाशी आले आणि त्यांनी माझ्या डोक्याशी लावलेला तो दिवा काढून माझ्या हातात दिला. तो पिशवीत भरला आहे. तुझ्या दिवाणखान्यात अंधार आहे म्हणालीस ना.

डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं आहे. शनिवारी दुपारी पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, पत्ता माझ्याकडे आहे. दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं तेवढी उचलून ठेव. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझ्या पत्रात शेवटून दुसऱ्या वाक्यात एक जागा भरायची राहिली आहे, ताई. तिथे 'सोबत'.

तुझीच,
बडबडी